‘सक्तीचे अभिसरण’ आणि मोंढ्यातला हमाल

लातूरच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या अध्यापकांनी विचारले आहे, की फिन (उष्णता लवकर निघून जावी म्हणून बसवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या) असलेल्या तापत्या पृष्ठभागावरून पंख्याच्या हवेने किती उष्णता निघून जाते हे मोजण्याच्या, इंग्रजीत ‘फोर्स्ड कन्व्हेक्शन’ म्हणतात त्या प्रयोगाला मराठीत कोणते शीर्षक द्यावे. त्यांच्या जुन्या प्रयोगवहीत ‘पंखयुक्त पृष्ठभागावरील सक्तीच्या अभिसरणाचे मापन’ असे आहे. काही विद्यार्थी हिंदी पुस्तकातून ‘प्रणोदित संवहन’ उतरवून आणतात. आणि एका सहकाऱ्यांचा आग्रह ‘प्रेरित वहन’ असा आहे.

सर्वांत आधी त्या ‘सक्ती’ला रजा द्यावी. फारसी ‘सख्ती’तून आलेला हा शब्द मराठीत माणसांवर चालतो. शिक्षण सक्तीचे असते, वसुली सक्तीची असते, न्यायालय सक्तमजुरी सुनावते. उष्णतेवर मात्र कोणी सक्ती करीत नाही. गरमाकडून थंडाकडे जाण्यात तिची नाखुशी कधीच नसते. इथे बाहेरच्या कारणाने हलते ती हवा, आणि तिच्या हलण्याचे कारण तापलेल्या वस्तूच्या उष्णतेत नसते, एवढाच ‘फोर्स्ड’ या विशेषणाचा अर्थ आहे. तापलेल्या पत्र्यालगतची हवा हलकी होऊन स्वतःच वर चढू लागली तर ते नैसर्गिक कन्व्हेक्शन. लातूर–नांदेड रस्त्यावर मोटरसायकल धावत असताना इंजिनाच्या फिनांवरून जाणारा वारा कोणत्याही पंख्याने घातलेला नसतो, तरीही तो ‘फोर्स्ड’मध्येच मोडतो. इतकेच काय, मोकळ्या माळावर सुटलेला वारा तापलेल्या पत्र्याला लागला तरी शास्त्राच्या हिशेबात तोही ‘फोर्स्ड’च. आता त्या माळावर सक्ती कोणी कोणावर केली?

‘प्रेरित’ही चालणार नाही, आणि त्याचे कारण परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रातला कोणीही कामगार सांगू शकेल. कोळशावरच्या बॉयलरला हवा आत ढकलणारा एफडी (फोर्स्ड ड्राफ्ट) फॅन वेगळा आणि धूर बाहेर खेचणारा आयडी (इंड्यूस्ड ड्राफ्ट) फॅन वेगळा. यांतल्या ‘आय’चे मराठी ‘प्रेरित’ असे होते, म्हणून तोच शब्द ‘फोर्स्ड’ला लावला तर दोन पंख्यांची अदलाबदल होते. ‘प्रणोदित’मधल्या ‘नुद्’ धातूचा अर्थ ढकलणे, त्यामुळे तो शब्द या दोहोंपेक्षा बरा. पण प्रयोगशाळेतल्या पुष्कळशा उपकरणांत ब्लोअर वाहिनीच्या शेवटच्या टोकाला बसवून हवा खेचून घेतली जाते, आणि तेही फोर्स्ड कन्व्हेक्शनच असते. ढकलणे आणि खेचणे या दोन्हींना पुरेल असा साधा शब्द ‘चालित’ हा आहे. हवा चालवली, एवढेच त्यात सांगितले जाते.

खरा घोटाळा विशेषणाचा नाही, नामाचा आहे. उष्णता पोचण्याच्या कंडक्शन, कन्व्हेक्शन आणि रेडिएशन या तीन रीतींना अनुक्रमे आपली शालेय पुस्तके वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणतात, तर हिंदी पुस्तके चालन, संवहन आणि विकिरण म्हणतात. मराठवाड्यातला विद्यार्थी दोन्ही पुस्तके उघडून बसतो आणि ‘संवहन’ दिसले, की त्याला आपले ‘वहन’ समजून कंडक्शनचे सूत्र लावतो. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. 1834 मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने ‘कन्व्हेक्शन’ हा शब्द शास्त्राला सुचवला, तेव्हा त्याच्यासमोर लॅटिन ‘कन्व्हेक्तिओ’ होता, म्हणजे वाहून नेणे. त्यातले ‘वेहेरे’ हे क्रियापद आणि आपला ‘वह्’ धातू एकाच कुळातले आहेत. तेव्हा ‘सम्’ अधिक ‘वहन’ हे कन्व्हेक्शनचे जवळजवळ अक्षरशः मराठी झाले असते. उलट ‘कंडक्शन’मध्ये ‘दूकेरे’ आहे, म्हणजे हात धरून नेणे, आपला ‘नी’ धातू, ‘नयन’. असे असताना विश्वकोशीय वळणाच्या लेखनात ‘संवहन’ कंडक्शनला दिले गेले आणि ‘संनयन’ कन्व्हेक्शनला! दोन भावांची नावे त्यांच्या दाखल्यांवर उलटी लिहिली जावीत आणि पुढे सगळ्या गावाने त्यांना तीच नावे घेऊन हाका माराव्यात, तसे हे झाले आहे. परिभाषा सिद्ध करणाऱ्या विद्वानांबद्दल पुरेसा आदर बाळगूनही एवढे म्हणावेच लागते, की त्या दिवशी त्यांनी शब्दकोश उघडला असावा, पण शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहिले नसावे.

या जागी अरबीची आठवण केल्याशिवाय राहवत नाही. अरबीत कन्व्हेक्शनला ‘हम्ल’ म्हणतात, म्हणजे ओझे वाहणे. हाच ‘हा-मीम-लाम’ धातू आपल्या ‘हमाल’मध्ये आहे, ‘हमाली’मध्ये आहे, गर्भवतीला उर्दूत ‘हामिला’ म्हणतात त्यात आहे, आणि चाल करून जाण्याच्या अर्थाने ‘हमला’ या शब्दातही आहे. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये हैदराबादेत स्थापन झाले आणि त्याच्या जोडीला भाषांतराची स्वतंत्र कचेरी बसून अरबी-फारसी धातूंवरून विज्ञानाची परिभाषा घडवू लागली, तेव्हा मराठवाडा त्याच निजामी राज्यात होता. 1948 नंतर ती परिभाषा आपल्याकडून गेली. जे गेले ते राजकीय दृष्ट्या योग्यच गेले, परंतु शब्द म्हणून ‘हम्ल’ हा आमच्या ‘अभिसरणा’पेक्षा कितीतरी नेमका होता, कारण लातूरच्या मोंढ्यात उभे राहिले, की त्याची व्याख्या डोळ्यांसमोर चालू असते. ट्रकमधून सोयाबीनचे पोते पाठीवर घेऊन हमाल स्वतः चालत आडतीच्या ओट्यापर्यंत जातो आणि पोते टाकून मोकळा होतो. हवेचा कण फिनेजवळ हेच करतो: उष्णता घेतो आणि ती घेऊन स्वतःच निघून जातो. हमाल ओळीने जागेवर उभे राहिले आणि पोते हातोहात पुढे सरकू लागले, तर ते कंडक्शन, आणि फिनेच्या धातूच्या आत तेच चाललेले असते. म्हणजे आमच्या शाळेने ‘वहन’ हा शब्द ज्यांचे पाय हलत नाहीत त्या हमालांना दिला आहे.

‘अभिसरण’वर माझा दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ‘सृ’ म्हणजे जाणे, सरकणे. त्यात ओझे नाही. अभिसारिका प्रियकराकडे जाते, ती पोते घेऊन जात नाही. मराठीने या शब्दाला फिरून येण्याची छटा रक्ताभिसरणातून दिली, आणि ती पातेल्यातल्या पाण्याला शोभते, कारण तिथले पाणी तळाशी तापून वर येते, वर निवते आणि पुन्हा खाली उतरते. वाहिनीतल्या फिनांवरून गेलेली हवा मात्र एका तोंडाने आत येते, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते आणि परत येत नाही. तिचे अभिसरण कसले? भिंगांच्या प्रकरणात ‘अभिसारी’ म्हणजे एका बिंदूकडे येणारे, हा तिसरा अर्थ तर वेगळाच. माझ्या मते ‘वाहतूक’ हा रोजच्या वापरातला शब्द अजून कोणत्याही समितीच्या हाती लागलेला नाही, तोवर तो उचलावा आणि ‘उष्णतेची चालित वाहतूक’ असे म्हणावे. ‘अर्धसंवाहक’ (सेमीकंडक्टर) आणि ‘अतिसंवाहकता’ (सुपरकंडक्टिव्हिटी) हे कंडक्शनचे शब्द इतके रुळले आहेत, की ‘संवहन’ आता हिंदीप्रमाणे परत मागता येणार नाही, हे मलाही मान्य आहे. ‘वाहतूक’ ऐकून हसणाऱ्यांनी निदान हमाल कोणत्या बाजूला उभा आहे ते पाहून हसावे.

‘पंखयुक्त’ हा शब्दही बदलावा. ज्या प्रयोगात पंखा आहे त्यात ‘पंख’ आणणे म्हणजे गोंधळाला आवतण देणे आहे. ‘पंखा’चे सामान्यरूप ‘पंख्या’ असे होते आणि ‘पंख’चे ‘पंखा’. म्हणून विद्यार्थ्याने ‘पंखाचा वेग वाढवला’ असे लिहिले, की व्याकरणाप्रमाणे त्याने जागच्या जागी घट्ट बसलेली ॲल्युमिनियमची पट्टी पळवलेली असते. ‘पाते’ म्हणावे तर ते पंख्यालाही असते. एका परिभाषाप्रेमींनी ‘कल्ले’ सुचवल्याचे माझ्या वाचनात आले. कल्ल्यांनी मासा श्वास घेतो, त्याची फिन म्हणजे ‘पर’. शुद्ध मराठीच हवे असेल तर ‘पर’ घ्यावे, नाहीतर वाळूजच्या कारखान्यांत सगळे जण म्हणतात ते ‘फिन’ घ्यावे. मी ‘फिन’ लिहितो.

राहिले ‘मापन’. या प्रयोगात उष्णता कोणीही मोजत नाही. थर्मोकपल तापमान दाखवते, व्होल्टमीटर आणि ॲमीटर हीटरची शक्ती देतात, ॲनिमोमीटर हवेचा वेग सांगतो. उष्णतेचा हिशेब त्यानंतर कागदावर काढायचा असतो. समजा हीटरला 100 व्होल्ट आणि 0.4 ॲम्पिअर दिले, म्हणजे 40 वॅट झाले. तापमान स्थिरावल्यावर 0.02 चौरस मीटरचा सपाट पृष्ठभाग 70 अंशांवर आणि खोलीतली हवा 35 अंशांवर असेल, तर 40 ला 0.02 आणि 35 यांच्या गुणाकाराने भागून सुमारे 57 वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन हा गुणांक, म्हणजे दर चौरस मीटरमागे आणि तापमानाच्या दर अंश फरकामागे जाणारी उष्णता, येतो. चालवलेल्या हवेसाठी तो साधारण 25 ते 250 आणि आपोआप हलणाऱ्या हवेसाठी साधारण 5 ते 25 असतो, तेव्हा उत्तर पटण्याजोगे आहे. मे महिन्यात खोली 42 अंशांवर गेली तर पृष्ठभाग जवळपास 77 अंशांवर जाईल, पण फरक 35 चाच राहील आणि गुणांक फारसा हलणार नाही. म्हणून वहीत ‘उष्णता 70 अंश आली’ असे लिहिणाऱ्याचे गुण बेलाशक कापावेत.

फिना आल्या, की मात्र हा सरळ भागाकार फसतो. फिनेचे मूळ गरम आणि टोक थंड असल्यामुळे तिचे सगळे क्षेत्रफळ सारख्या तापमानफरकाने काम करीत नाही, आणि हिशेबात फिनेची कार्यक्षमता, म्हणजे सगळी फिन मुळाइतकी गरम असती तर जेवढी उष्णता गेली असती तिच्यापैकी प्रत्यक्षात किती जाते ते प्रमाण, धरावी लागते. शिवाय पंख्याचा वेग वाढवला, की गुणांक वाढतो खरा, पण त्याच वेळी उष्णता मुळाजवळच निघून जाऊ लागते, टोक आणखी थंड होते आणि फिनेची कार्यक्षमता घटते. गुणांक दुप्पट झाला म्हणून जाणारी उष्णता दुप्पट होत नाही. पितळी फिनेत हे ॲल्युमिनियमच्या फिनेपेक्षा ठळक दिसते, कारण पितळाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या निम्म्याच्या आसपास असते. निरीक्षणाच्या तक्त्यात मूळ, मध्य आणि टोक अशी तापमानाची निदान तीन घरे ठेवावीत ती यासाठी.

आपल्या शीर्षकापुरते: ‘फिनयुक्त पृष्ठभागावरून चालित हवेने होणाऱ्या उष्णतावाहतुकीचा गुणांक काढणे’. परीक्षकांना ‘वाहतूक’ खपणार नसेल तर तेवढ्यापुरते ‘अभिसरण’ ठेवावे; पण ‘चालित’, ‘फिन’ आणि ‘काढणे’ यांवर माघार घेऊ नये.