आधी ‘माहीत नाही’ म्हणायला शीक

प्रिय मुली,

परवा तू नौपाड्याला घरी आलीस, चहा तसाच निवला आणि तू रडत राहिलीस. काउंटरवर एका आजोबांनी चार लोकांसमोर विचारलं, “ग्रंथपाल ना तुम्ही? मग हे वाचलंच असेल!” तू घाबरून ‘हो’ म्हणालीस, त्यांनी कथानक विचारलं आणि तुझी दातखीळ बसली. आता म्हणतेस, नोकरी सोडू का?

चूक त्या ‘हो’त आहे गं. ‘नाही वाचलेलं, पण बघून सांगते’ एवढंच म्हणायचं होतंस.

मीही हेच केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक भाडेकरू गृहस्थ भाडे कायद्याचं पुस्तक शोधत आले. मी कपाटाकडे न बघता, ऐटीत १९४७च्या भाडे कायद्यावरचं काढून दिलं. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला होता. पंधरा दिवसांनी त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं, एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा कधी आले नाहीत. अजून रात्री आठवतात.

लोकांना वाटतं, आपण दिवसभर वाचत बसतो. दाखल नोंदवही, देवघेव, बांधणीला गेलेले ग्रंथ, थकलेली वर्गणी त्यांना कुठे दिसते? ‘निळ्या कव्हरचं, जाड’ एवढ्यावर पुस्तक मागतात. चिडू नकोस. कधी वाचलं होतं, कुणी सुचवलं, कशाबद्दल होतं, विचारत जा. ड्यूई वर्गीकरणात ८९१.४६ या क्रमांकाला मराठी साहित्य सुरू होतं, हे तुला ठाऊक आहे, त्यांना नाही. पण नसेल सापडत तर ‘माहीत नाही, उद्यापर्यंत शोधते’ म्हण. आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी १९३१मध्ये वाचकाचा वेळ वाचवा असं सांगितलं. तू परीक्षेत लिहिलंसही असेल. खोट्या ‘हो’ने वाचकाचा वेळच जातो ना?

सुट्टीत मुलं सांभाळा, पेन्शनचे फॉर्म भरून द्या, असंही मला सांगत. मी नाही म्हणायचे. ग्रंथालयाच्या समितीतले मला उद्धट म्हणाले, पगारवाढ अडली. थोडं गोड बोलता आलं असतं, मान्य. पण निवृत्त झाले त्या दिवशी नोंदवहीत एकही रकाना रिकामा नव्हता. ते मुलं सांभाळून झालं नसतं.

आजोबा पुस्तक परत करायला येतील. तेव्हा आपणहून सांग, त्या दिवशी खोटं बोलले, वाचलेलं नाही. मागे रांग असली तरी सांग. आणि त्याच लेखकाची आणखी दोन पुस्तकं आधीच काढून ठेव.

तुझी,
मावशी