वाचकांचे प्रश्न : कवटीच्या तळाची गाठ आणि किरणोपचार

प्रश्न : माझ्या आईचे वय 61 असून गेल्या दीड वर्षापासून तिला उजव्या कानाने कमी ऐकू येते, मोबाईल ती आता डाव्याच कानाला लावते. जळगावला एमआरआय केला तेव्हा कानामागे कवटीच्या तळाशी 2.2 सेंटीमीटरची ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ नावाची गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी गामा नाईफ सुचवले आहे. नातेवाईक म्हणतात, ऑपरेशन करून गाठ काढूनच टाका, शेक (किरणोपचार) दिल्याने केस जातात आणि गाठ पुढे कॅन्सरची होते. या उपचाराने गाठ जाईल का, आणि ऐकू येऊ लागेल का?
— एक वाचक भगिनी, यावल तालुका

उत्तर : आपल्या आईंची गाठ कॅन्सरची नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून ती निघते आणि बहुधा सावकाश वाढते. अडचण तिच्या जागेची आहे, कारण ऐकण्याचा आणि चेहरा हलवणारा मज्जातंतू तिला अगदी चिकटून जातात आणि आतल्या बाजूला मेंदूचा देठ असतो.

गामा नाईफ हा किरणांचा उपचार आहे, त्यात सुरी कुठेच नसते. स्वीडनचे मेंदूशल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये या पद्धतीची कल्पना मांडली. आजच्या यंत्रांत कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचे 192 स्रोत असतात. त्यांतून निघणारा एकेक किरण इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला त्याची फारशी झळ लागत नाही, मात्र ते सगळे जिथे एकत्र येतात तिथेच मात्रा मोठी होते. या गाठीच्या कडेला साधारण 12 ते 13 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा एकाच बैठकीत दिली जाते. डोके जराही हलू नये म्हणून बहुधा कपाळावर व मागे, जागा बधिर करून, चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवतात. त्या वेळी सुईची टोच आणि नंतर काही मिनिटे डोके आवळल्यासारखे वाटते, एवढाच काय तो त्रास. डोक्याचे केस काढावे लागत नाहीत, या गाठीच्या उपचारात ते सहसा गळतही नाहीत, आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. किरणांमुळे पुढे कॅन्सर होण्याचा धोका शून्य नसला तरी फारच थोडा आहे. 61 व्या वर्षी त्यापायी उपचार टाळणे मला योग्य वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. हा उपचार गाठ काढत नाही, तिची वाढ थांबवतो. दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत ती थांबते आणि पुष्कळांत काही वर्षांत थोडी आक्रसते. गेलेले ऐकू येणे मात्र परत येत नाही, उरलेलेही पुढील काही वर्षांत हळूहळू कमी होऊ शकते. चेहरा वाकडा होण्याची भीती शस्त्रक्रियेपेक्षा येथे बरीच कमी असते.

घरची मंडळी सर्वांत जास्त घाबरतात ती पुढे. उपचारानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या काळात गाठ सुजून एमआरआयवर थोडी मोठी दिसू शकते आणि रिपोर्टवर ‘वाढ’ असा शब्द येतो. तेवढ्यावरून उपचार फसला असे समजून घाईने ऑपरेशनला नेऊ नये. ज्या डॉक्टरांनी किरणे दिली त्यांना जुन्या-नव्या फिल्म शेजारी ठेवून पाहू द्यावे. म्हणून रिपोर्टच्या कागदाबरोबर प्रत्येक एमआरआयची सीडीही जपून ठेवा. बऱ्याच घरांत कागद फाईलला लागतो आणि सीडी पोरांच्या हाती जाते.

मुंबईला जाण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य विचारा : ही गाठ वाढते आहे याचा पुरावा आहे का? एकाच एमआरआयवरून ते कळत नाही, आणि काही रुग्णांत सहा महिने थांबून पुन्हा तपासणी करणे हाही रास्त निर्णय असतो. गाठ तीन सेंटीमीटरहून मोठी असती, मेंदूच्या देठावर दाब असता किंवा डोक्यात पाणी साचून उलट्या होत असत्या, तर मात्र मी नातेवाइकांच्याच बाजूने, म्हणजे शस्त्रक्रियेच्या बाजूने, उभा राहिलो असतो. खर्चासंबंधी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटून महात्मा जोतिराव फुले योजनेत हा उपचार बसतो का, हे तारीख घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : माझी मेनिन्जिओमाची (मेंदूच्या आवरणातून निघणारी) गाठ काढली, पण डोळ्याच्या नसेजवळ थोडी राहिली. आता 30 दिवस शेक घ्यायला सांगितले आहे. एका दिवसात का देत नाहीत?
— एक वाचक, शहादा

उत्तर : डोळ्याची नस एका वेळी साधारण 8 ते 10 ग्रेपेक्षा जास्त मात्रा सोसत नाही. गाठ आणि नस यांत दोन-तीन मिलिमीटर तरी अंतर असल्याशिवाय एकाच बैठकीत पुरेशी मात्रा देणे म्हणजे दृष्टी पणाला लावणे होय. रोज 1.8 ग्रे याप्रमाणे 30 वेळा, एकूण 54 ग्रे दिल्यास निरोगी नसेला मधल्या काळात सावरायला अवधी मिळतो. येथे स्क्रूंची चौकट नसून चेहऱ्यावर जाळीचा मास्क असतो. शनिवार-रविवार सुट्टी धरून सहा आठवडे शहरात राहावे लागेल, तेव्हा शेतीच्या कामांची व्यवस्था आधी लावावी. सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांची ‘व्हिज्युअल फील्ड’ (नजर चहूबाजूंना किती पोहोचते याची) तपासणी करून तिचा कागद जवळ ठेवा, कारण पुढे नजरेत फरक पडल्यास तुलना त्याच्याशीच करायची आहे.