माशांच्या चार फुटी टाकीचा ओव्हरफ्लो पाइप जोडून घरीच करावा, की तयार पेटी घ्यावी?

घरी करा.

एवढ्या ठामपणे सांगतोय कारण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला झोंबलं: 'घरचे म्हणतात, असलं जोडकाम केलंस तर एक दिवस घरभर पाणी होईल.' तंतोतंत हेच मी माझ्या मोठ्या भावाकडून गेली कित्येक वर्षं ऐकतोय. आणि घरभर पाणी माझ्याकडे झालेलंही आहे. पण ते कशामुळे झालं, हे नीट ऐकून घेण्याची तसदी दादाने आजतागायत घेतलेली नाही. तुम्ही तरी घ्या.

टाकी चार फुटी, खाली सम्प (पंप असलेली दुसरी टाकी), काचेला भोक नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझीही तशीच होती. 120 सेंटिमीटर लांब, 45 रुंद. ओव्हरफ्लो, म्हणजे टाकीतलं पाणी खाली सम्पमध्ये उतरवणारी वाट, मी पीव्हीसी पाइपांचा केला. रचना तुम्हाला माहीतच असेल. आतल्या बाजूला उभा पाइप, त्याच्या वरच्या टोकाला करवतीने पाडलेल्या खाचा. पाणी खाचांतून आत पडतं, खाली जातं, वळण घेऊन शेजारच्या पाइपातून वर चढतं, टाकीचा काठ ओलांडून बाहेर उतरतं, बाहेरही तसंच वळण घेऊन वर येतं आणि टीमधून (टी आकाराच्या जोडातून) सम्पकडे पडतं. वीज गेली की टाकीतलं पाणी खाचांपर्यंत उतरून थांबतं. दोन्ही वळणांत पाणी अडून राहतं, त्यामुळे सायफन (भरलेल्या पाइपातून काठावरून पाणी आपोआप ओढलं जाणं) तुटत नाही. वीज आली की सगळं आपोआप वाहायला लागतं. यात हलणारा एकही भाग नाही, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिला प्रयत्न फसला होता, हे कबूल करतो. बाहेरची टी आतल्या खाचांपेक्षा थोडी खाली हवी, माझी दोन सेंटिमीटर वर बसली. सॉल्व्हंट सुकल्यावर लक्षात आलं, म्हणजे कापण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या वेळी आधी सगळं नुसतं दाबून बसवलं, प्रत्येक सांध्यावर मार्करने रेघ मारली, पाणी सोडून पाहिलं आणि मग एकेक सांधा चिकटवला. वळणं मुद्दाम खोल ठेवली. टीचं वरचं तोंड उघडं ठेवलं. ते आवाज करतं, पण आवाज येतो म्हणून त्यात बोळा कोंबलात तर बाहेरचा पाइप स्वतःच सायफन होऊन वळणातलं पाणी ओढून नेईल आणि खेळ खलास.

तर हा ओव्हरफ्लो तीन वर्षं बिनतक्रार चालला. मग दादा चार दिवस राहायला आला. तो हॉलमध्ये, टाकीसमोरच, खाली गादी टाकून झोपला होता. पहाटे तीनच्या सुमारास वीज गेली. मला जाग आली ती त्याच्या हाकेने. टॉर्च घेऊन बाहेर आलो तर हा गादीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, सभोवती पाणी चकाकतंय, आणि तोंडातून पहिलं वाक्य: "हे बघ तुझं पीव्हीसी."

मी आधी ओव्हरफ्लो पाहिला. दोन्ही वळणं भरलेली, खाचा कोरड्या, जे व्हायला हवं तेच झालेलं. पण टाकीतलं पाणी खाचांच्याही बरंच खाली गेलेलं, आणि रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर टाकीत आणणाऱ्या पाइपाच्या, तोंडाशी फुर्र फुर्र आवाज. म्हणजे पाणी ओव्हरफ्लोतून नव्हे, रिटर्नच्या पाइपातून उलटं सम्पमध्ये आलं होतं. पाचच्या आसपास वीज आली, पंप लागला आणि माझा ओव्हरफ्लो कुणी हात न लावता सुरू झाला. दादाला मुद्दाम बोलावलं. तो गादी पिळत होता. आला नाही.

सकाळी रिटर्नवरचा चेक व्हॉल्व्ह उघडला. पाणी उलटं येऊ नये म्हणूनच तो असतो. आतल्या रबरी झडपेच्या आणि तिच्या बैठकीच्या मध्ये मोहरीएवढी गोगलगाय. चिमट्याने काढली तेव्हा तिचं कवच अख्खं होतं, झडपेवर मात्र तिचा बारीक ठसा उमटलेला. संपूर्ण जोडणीत विकत आणलेला, तयार, डब्यातून निघालेला भाग होता तो हा एकच. (पंप सोडून. पाइप आणि एल्बोही विकतचेच म्हणा, पण मला काय म्हणायचंय ते कळलं असेल.) मी व्हॉल्व्ह आणि गोगलगाय दादासमोर ठेवली. तो म्हणाला, "गोगलगाय तुझ्याच टाकीतली ना?"

यावर काय बोलणार?

आता हिशेब. तुमच्याही कामाचा आहे. 120 गुणिले 45 म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 5.4 लिटर पाणी कमी होतं. माझ्या रिटर्नचं तोंड चालू पातळीच्या 8 सेंटिमीटर खाली होतं. म्हणजे झडप अडकल्यावर 43 लिटर खाली आलं. सम्पमध्ये त्या रात्री जागा 30 लिटरची. बाकी 13 लिटर फरशीवर. एक बादलीभरच पाणी, पण दोन मिलिमीटरचा थर धरला तरी साडेसहा चौरस मीटर व्यापतं. नंतर मी व्हॉल्व्ह काढूनच टाकला आणि रिटर्नचं तोंड वर आणून पातळीखाली जेमतेम 2 सेंटिमीटरवर ठेवलं. आता वाईटात वाईट 11 लिटर येतात. शिवाय त्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडलंय, पाणी उतरलं की तिथून हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. ते शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टाचणीने मोकळं करावं लागतं, म्हणून सगळा भरवसा त्याच्यावर ठेवू नका. झडपेवर तर मुळीच नको.

तयार पेटीबद्दल विचारलंत. दादाने पुढे स्वतः टाकी घेतली आणि अर्थातच तयार पेटी आणली, काठावर अडकवायची, मध्ये उलट्या यू आकाराची नळी असलेली. दिसायला देखणी, मान्य. पण त्या नळीत हवा साठते. प्रवाह जोरात असेल तर बुडबुडे पाण्याबरोबर वाहून जातात, मंद असेल तर वरच्या बाकात जमून बसतात. दादाने 'मोठी असलेली बरी' म्हणून मोठी नळी घेतली आणि पंप लहानच ठेवला, म्हणजे नळीतला वेग आणखी कमी. बुडबुडे साठत साठत एक दिवस सायफन तुटला, पंप मात्र सम्पमधलं पाणी वर फेकत राहिला, आणि टाकी काठावरून वाहिली. त्याला तो आजही 'थोडी गळती' म्हणतो.

अर्थात, हवा माझ्या पाइपातही साठते, नाही असं नाही. मी वरच्या भागाला बारीक नळी जोडून ती टाकीतल्या छोट्या पंपाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला लावलीय, तो ती सतत खेचून काढतो. तयार पेटीलाही हे करता येतं. दादाला सांगितलं होतं.

आणि खरं सांगू? काच टफन (तापवून कडक) केलेली नसेल तर पाइपही नको आणि पेटीही नको, सरळ भोक पाडा. टफन असेल तर मात्र ड्रिल टेकवताच टाकीचा चुरा होईल. ओळखायला रिकाम्या टाकीच्या काचेमागे पांढरी एलसीडी स्क्रीन धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. गडद डाग किंवा पट्टे दिसले तर काच टफन आहे. प्रत्येक बाजू वेगळी तपासा, काही टाक्यांत फक्त तळाचीच काच टफन असते. भोकासाठी डायमंडचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) घ्या, सतत पाणी सोडत राहा, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवा, दाब जवळजवळ नकोच. आणि बल्कहेड (भोकात बसवायचा पाइपाचा जोड) आधी हातात घ्या, मग त्याच्या मापाचा सॉ आणा, उलटं नको. गॅस्केट (रबरी चकती) कॉलरच्या बाजूला, नट दुसऱ्या बाजूला, हाताने घट्ट करून वर पाव फेरा. गॅस्केट असताना सिलिकॉन फासू नका. पुष्कळ बल्कहेडच्या नटाचे आटे उलटे असतात, फिरत नाही म्हणून पान्याने जोर लावण्याआधी ते बघा. भोक पाडलंत तर दोन पाइप काढा. एक पूर्ण भरून वाहणारा, गेट व्हॉल्व्हने नेमका जुळवलेला (बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही), आणि दुसरा थोड्या उंचीवर कोरडा, पहिला तुंबला तर धावून येणारा.

पाइपांचंच करणार असाल तर पितळी जोड वापरू नका, तांब्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात. पीव्हीसीचा गळका सांधा सिलिकॉनने लिंपू नका, ते तिथे धरत नाही, तो कापून नवा करा. आणि पाणी भरल्यावर दिवसाढवळ्या, समोर बसून, पंपाची पिन दहा वेळा काढून दहा वेळा लावा.

एक गोष्ट राहिली. सम्पवर मी पाण्याची खूण केलेली होती आणि त्या खुणेपर्यंत भरलं तर वर 45 लिटरची जागा उरत होती. म्हणजे झडप अडकूनही 43 लिटर आत मावले असते. दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन आम्ही बाहेर जाणार होतो, बाष्पीभवनाने पंप उघडा पडायला नको म्हणून आदल्या संध्याकाळी मी खुणेच्या वर 15 लिटर ओतले होते. हे दादाला माहीत नाही. त्याने विचारलंही नाही म्हणा.

तुमचा पंप ताशी किती लिटरचा ते तुम्ही लिहिलेलं नाही. डब्यावरचा आकडा सांगू नका, तो शून्य उंचीचा असतो. रिटर्नचं तोंड टाकीच्या उंचीवर धरून 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. 20 सेकंदांत भरली तर ताशी 1800 लिटर. तेवढं कळवा, मग पाइपाच्या मापाचं बोलू.