पर्यटनावर चालणाऱ्या देशात मुलीला शिकायला पाठवावं का?

तुमचा प्रश्न: मुलीला हॉटेल मॅनेजमेंटसाठी मॉरिशसला पाठवावं का? सगळा देश पर्यटनावर चालतो, उद्या पर्यटकच आले नाहीत तर? आणि खर्च किती येईल?

पाठवा. मी सोलापूरची. २०१८ साली याच शिक्षणासाठी मॉरिशसला गेले, आणि तुम्ही म्हणता तो ‘उद्या’ मी तिथं राहून पाहिलाय.

मी निघायच्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला सगळं घर जमलं होतं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, “पाहुण्यांच्या जिवावर जगणारा देश तो. तिथं काय शिकणार? परक्यांची अंथरुणं घालायला चालली पोरगी.” माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मान खाली घातली. मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही.

मार्च २०२० मध्ये मी आग्नेय किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगला इंटर्न होते. कोरोनामुळे मॉरिशसने बाहेरच्यांना दारं बंद केली आणि रिसॉर्ट रिकामं झालं. ज्या देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आत, तिथं २०१९ मध्ये जवळपास चौदा लाख पर्यटक आले होते. २०२० मध्ये जेमतेम तीन लाख. पण त्याचा अर्थ मला कळला तो घरमालकिणीच्या अंगणात. तिचा नवरा ब्लू बे नावाच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट चालवून लोकांना प्रवाळ दाखवायचा. ती बोट ओढून आंब्याखाली ठेवली होती. हॉटेलला भाजी देणारा, टॅक्सीवाला, लाँड्रीवाला, सगळे एकाच आठवड्यात घरी बसले. पगारदारांचे पगार चालू राहावेत म्हणून सरकारने हॉटेलांना पैसे दिले, म्हणून बरीच घरं तरली.

१ जुलैला आषाढी होती. पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. अण्णांना फोन केला. आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करून परतणारी माणसं जाताना एखादी चादर घेऊन जातात, त्यावर आमचं घर चालतं. देवळं मार्चपासून बंद. अण्णा एवढंच म्हणाले, “आपले पण पाहुणे थांबले गं.” काकांना द्यायचं उत्तर मला तेव्हा सापडलं. मी शिकले त्या पैशातसुद्धा वारकऱ्यांनी घेतलेल्या चादरी होत्या.

मग २५ जुलैला वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज आमच्याच किनाऱ्यावर, पॉइंट द’एस्नीजवळ, प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल गळायला लागलं. ज्या पाण्यावर सगळ्यांचं पोट, तेच काळं झालं. माएबूरच्या किनाऱ्यावर लोक कुणाची वाट न बघता जमले. उसाचं पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरायचं, तोंड शिवायचं आणि तेल अडवायला पाण्यात सोडायचं. पाचट मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्याकडं ते रानातच पेटवून देतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला नाही तर हात चिरतात, हे मी शेजारच्या पोरींना सांगितलं. वेटर, कोळी, शाळकरी मुलं, सगळे मांडी घालून शिवत होते. जे हातावर पोट असलेले, तेच आधी धावले. माझ्या कोर्समध्ये ‘संकट व्यवस्थापन’ असा धडा होता. खरं ते मी त्या किनाऱ्यावर शिकले.

म्हणून माझं स्पष्ट मत: पाहुण्यांवर जगणाऱ्या देशात पाहुणचाराचं शिक्षण जितकं खरं मिळतं, तितकं श्रीमंत देशात मिळत नाही. तिथं टॉवेलची घडीसुद्धा कुणी हलकी समजत नाही, कारण तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं. अंथरूण घालणं हे काम आहे. त्याची लाज वाटणाऱ्यांनी हॉटेलात राहू नये.

तुम्ही खर्चाचंही विचारलंय. माझी फी जुनी झाली, आकडा सांगून उपयोग नाही. पण एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. कॉलेजची नोंद तिथल्या हायर एज्युकेशन कमिशनकडं, म्हणजे उच्च शिक्षणाच्या सरकारी संस्थेकडं, आहे का, ते स्वतः बघा. पदवी इकडं चालेल का, तेही आधीच. कोर्स संपल्यावर तिथंच नोकरी लागेल असं धरून जमीन गहाण ठेवू नका. वर्क परमिट लागतं आणि तिथल्या पोरांनाही त्याच नोकऱ्या हव्या असतात. मी २०२१ ला परत आले. आज पुण्यात हाउसकीपिंग बघते.

इंग्रजीवर वर्ग चालतात, पण बाजारात, बसमध्ये क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोली. मुलीने ती आणि थोडी फ्रेंच शिकून घ्यावी. तिथं मराठी घरं भेटतील, गणपतीला सुट्टीही असते, पण दीडेकशे वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या वंशातली ती मंडळी घरात क्रिओलच बोलतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, जेवायला आग्रहाने बोलावतात.

आणि निघायच्या वेळी घरातलं कुणी ‘अंथरुणं घालायला चालली’ म्हणालं, तर तुम्ही मान खाली घालू नका. ती तुमच्याकडं बघत असेल.