स्लॅबचे पैसे बँक कधी देते?

प्रश्न : साताऱ्यात आमचं तळमजल्याचं घर आहे, त्यावर गृहकर्ज चालू आहे. वर दोन खोल्या काढायच्यात, एस्टिमेट 14 लाखांचं आहे. बँक टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज, घ्या म्हणते आणि ठेकेदार निम्मे पैसे आधी मागतोय. काय करावं?

उत्तर : आधी नगरपालिकेची बांधकाम परवानगी काढा. वाढीव बांधकामाच्या कर्जाला वरच्या मजल्याचा मंजूर नकाशा आणि इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं एस्टिमेट लागतं. तळमजल्याचा जुना नकाशा चालत नाही. जुना पाया आणि कॉलम वरचा भार पेलतील का, हेही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. टॉप-अपला कागद कमी लागतात, पण व्याजदर बहुधा थोडा जास्त असतो. परवानगीची कटकट नको म्हणून टॉप-अप घेणं तर अगदी चुकीचं. उद्या घर विकायला काढलंत तर घेणाऱ्याची बँक तो मजला किमतीत धरणार नाही.

आता पैशांचं. समजा 10 लाख मंजूर झाले. तुमचे 4 लाख आधी खर्च झालेले बँकेला दिसले पाहिजेत, त्यानंतर तिचा पहिला टप्पा. पुढे प्रत्येक टप्प्याला बँकेचा व्हॅल्युअर (मूल्यांकन करणारा) येणार, फोटो काढणार, अहवाल देणार, मग रक्कम जमा. कामं अडतात ती स्लॅबला. सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) लागलेलं असतं, लोखंड, सिमेंट, खडी आधीच आणावी लागते, आणि बँक मात्र झालेल्या कामाचे पैसे देते. स्लॅबचा टप्पा स्लॅब टाकल्यावरच सुटतो. सेंट्रिंगचं भाडं चढत राहतं ते वेगळंच. म्हणून बँकेकडून टप्प्यांचा तक्ता लेखी मागून घ्या, ठेकेदाराशी करार त्याच टप्प्यांनी करा आणि स्लॅबच्या मालाचे पैसे स्वतःच्या हिश्श्यातून राखून ठेवा. निम्मी रक्कम आगाऊ मुळीच देऊ नका.

सगळी रक्कम उचलेपर्यंत बहुतेक बँका फक्त उचललेल्या रकमेवर व्याज घेतात. 4 लाख उचलले आणि दर 8.5 टक्के असला तर महिन्याला साधारण 2,833 रुपये. यातून मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. शेवटचा टप्पा नको असेल तर तसं लेखी कळवा आणि पूर्ण हप्ता सुरू करून घ्या.

प्रश्न : पुण्यात 60 लाखांचा जुना फ्लॅट ठरवला. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत 56 लाखच लावली. आता?

उत्तर : 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्के आहे, आणि बँका करार व मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरतात. म्हणजे 48 ऐवजी 44.8 लाख. वरचे 15.2 लाख तुमचे. शिवाय 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 4.2 लाख आणि नोंदणीचे 30 हजार. ही शेवटची दोन्ही कर्जाच्या हिशेबात येत नाहीत. एकूण 19.7 लाख रोख तयार हवेत.

किंमत का घटली ते विचारा. बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नसेल तर ते क्षेत्रफळ वगळलं जातं. कारण तसं नसेल, तर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स-टू (नोंदणी कार्यालयातले विक्रीचे उतारे) जोडून फेरमूल्यांकन मागा. आणि विसार देण्याआधी ‘ठरलेलं कर्ज मंजूर न झाल्यास विसार परत’ हे कलम लिहून घ्या. तोंडी शब्दावर लाखभर रुपये अडकवू नका.

प्रश्न : कर्ज फिटून दोन महिने झाले, मूळ खरेदीखत मिळालं नाही.

उत्तर : कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत देणं बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, त्याला शुल्क नाही. कागद घेताना कर्जाच्या वेळी मिळालेल्या यादीशी एकेक ताडून पाहा. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचा बोजा चढलेला असेल, तर नाहरकत दाखला तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात देऊन तो कमी करून घ्या.