ओंडक्यांचं घर आणि घणसोलीची ओटी

प्रश्न : नमस्कार काका. मी घणसोली गावात राहते. यंदा उन्हाळ्यात लेकीकडे कॅनडात, केलोनाला गेले होते. तिथे फादर पँडोसी नावाच्या मिशनऱ्याची वाडी जपून ठेवली आहे. ओंडक्यांचं ठेंगणं घर, प्रार्थनेची खोली, एक कोठार, एवढंच. लेक म्हणाली, हा आमच्या इथला मोठा वारसा. परत आले तर आमचं शंभरएक वर्षांचं कौलारू घर पाडून इमारत बांधायचं ठरत होतं. दीर म्हणतात, "त्यात आहे काय? ना कुणी राजा राहिला, ना एका खांबावर नक्षी." मग त्या ओंडक्यांच्या घरात तरी काय आहे?

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचा प्रश्न रास्त आहे. जुनं आहे म्हणून जपा, हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही.

शार्ल पँडोसी १८५९ साली ओकानागन खोऱ्यात, म्हणजे आजच्या केलोनाच्या परिसरात, पोचला, तेव्हा तिथे गोऱ्या लोकांची कायमची वस्ती नव्हती. पहिल्या हिवाळ्यात उपासमारीची वेळ आली आणि त्या मंडळींना स्वतःचे घोडे मारून खावे लागले, असं सांगतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी जागा बदलली, ओढ्याजवळ आले आणि हातात होतं त्यातून घरं उभारली. हातात होतं म्हणजे जंगल, कुऱ्हाड आणि वाकस.

घराच्या कोपऱ्याशी तुम्ही थांबला होतात का? ओंडका चौरस तासून त्याचं टोक पंख्यासारखं पसरट ठेवतात, त्यावर आडवा ओंडका बसतो. वरचं वजन वाढेल तसा सांधा घट्ट होत जातो, खिळ्याची गरज राहत नाही. टोकाला उतार असल्यामुळे पावसाचं पाणी बाहेर निथळतं, लाकूड लवकर कुजत नाही. आपले सुतार याला डव्हटेलच म्हणतात, टेबलाच्या खणाला करतात. तिथे अख्खं घर त्यावर उभं आहे. कागदपत्रं सांगतील की अमुक साली अमुक माणूस आला. तो कसा जगला, किती घाईत होता, हात किती सराईत होता, हे मात्र त्या कोपऱ्यालाच विचारावं लागतं.

आणि त्या वाडीत सफरचंदाची झाडं लावली गेली. आज ते खोरं फळबागांवर आणि द्राक्षांवर ओळखलं जातं, त्याची सुरुवात या अंगणात झाली असं तिथले लोक मानतात. एका ठेंगण्या घराकडे एवढ्या मोठ्या गोष्टीचा उगम असणं, हे मोल नक्षीत मावत नाही.

आता एक अवघड गोष्ट. ती जमीन तिथल्या मूळ रहिवासी सिइल्क्स लोकांची होती, पँडोसी येण्याच्या कितीतरी आधीपासून. या माणसाने आधी अमेरिकेतल्या याकामा या मूळ रहिवासी लोकांत राहून त्यांच्या भाषेचं व्याकरण लिहिलं, ते १८६२ मध्ये छापलंही गेलं. पण त्याच्या मागोमाग जे आले त्यांनी तिथल्या लोकांची जमीन घेतली. ते घर या दोन्ही गोष्टींचं साक्षीदार आहे. साक्षीदाराला अर्धीच साक्ष द्यायला लावली, तर त्याला जपण्यात मला अर्थ वाटत नाही.

त्या आवारातली काही घरं दुसरीकडून उचलून आणलेली आहेत. जीव वाचला, चांगलं झालं. पण जागा सुटली की घर बरंच काही विसरतं. ओढा कुठे होता, वारा कुठून यायचा, शेजारी कोण होतं, हे सगळं मागे राहतं.

तुमच्या घराकडे याच नजरेने बघा. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि पुढे मिळून ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. गावठाण तेवढं उरलं. तुमच्या ओटीची रुंदी भाताच्या मळणीच्या दिवसांत किती माणसं बसायची यावरून ठरलेली असणार. माजघरात जमिनीत पुरलेलं उखळ आहे का? कणगी कुठे असायची? पडवीत जाळी टांगायच्या खुंट्या असतील, तर घर खाडीचीही साक्ष देतं. नवी मुंबईच्या आधी इथे कोण राहत होतं आणि काय खात होतं, हे सांगणारं आता फार थोडं शिल्लक आहे.

माझ्या मामाचं घर ठाण्यात चेंदणीत होतं. ते पाडलं तेव्हा मी जुन्या इमारतींची मोजमापं घेण्याचंच काम करत होतो, आणि या घराला मात्र टेप लावला नाही. आपलंच तर आहे, कधीही मोजू. पुढे जुन्या लाकडाच्या वखारीत त्याच्या तुळया दिसल्या. टोकांवर सुताराने कोरलेल्या रेघा होत्या : एक, दोन, तीन, चार. कोणती तुळई कोणत्या खांबावर, याची खूण. ते घर जमिनीवर आखून, सुटं करून, मग उभं केलेलं होतं हे मला त्या दिवशी कळलं. तोवर खांब विकले गेले होते.

घर पाडू नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. तीन खोल्यांत चार भावांचे संसार मावत नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण कॅनडात अशा वास्तूसाठी एक छोटा कागद करतात : हिचं मोल कशात आहे, आणि काय गेलं तर ते मोल जाईल. तसा कागद तुम्ही दिरांना सोबत घेऊनच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ओटीवर बसवून, खोली-खोलीची हकीकत मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची लिहा. बिल्डरशी बोलताना जुना खांब लॉबीत शोभेला लावण्यावर समाधान मानू नका. ओटी आहे त्याच जागी ठेवता येईल का, हे नकाशा मंजुरीला जाण्याआधी विचारा.

आणि माळ्यावर चढून तुळयांची टोकं बॅटरी मारून बघा. रेघा दिसल्या तर फोटो पाठवा. मोजायला मी स्वतः येईन.