जहाल म्हणजे तत्त्वाला चिकटलेला का?

एका लेखासाठी प्रश्न असा आलाय की पक्षात किंवा चळवळीत जो तत्त्व सोडत नाही त्याला 'जहाल' आणि जो जुळवून घेतो त्याला 'मवाळ' म्हटलं तर चालेल का.

माझ्या मते नाही. जहाल हे धारेबद्दल आहे, जहाल विष म्हणतो तसं. 1907 ला सुरतेत काँग्रेस जहाल आणि मवाळ अशी फुटली ती लढायचं किती आणि कसं यावरून. आता टिळकच बघा, जहालांचे पुढारी, पण 1919 च्या इंग्रज सरकारच्या राजकीय सुधारणा आल्यावर म्हणाले प्रतियोगी सहकारिता, म्हणजे सरकार जेवढं देईल तेवढं घ्या, जेवढी साथ देईल तेवढी साथ द्या आणि बाकीच्यासाठी भांडत रहा. जहाल माणूस पक्का व्यवहारी असू शकतो की! आणि 'मवाळ' हे तर विरोधकांनी चिकटवलेलं, ते लोक स्वतःला नेमस्त, प्रागतिक म्हणवायचे.

मग म्हणायचं काय? मान द्यायचा असेल तर तत्त्वनिष्ठ, टोमणा मारायचा असेल तर पोथीनिष्ठ. हा डाव्यांच्या भांडणातला शब्द, आमच्या कोल्हापुरात लाल बावटावाल्यांच्या (कम्युनिस्टांच्या) आणि शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) जुन्या माणसांकडून हमखास ऐकायला मिळायचा. 'सोवळा', म्हणजे तत्त्वाला जराही विटाळ होऊ न देणारा, हेपण चालतं, पण जपून वापरा. उदाहरण बघा: शाहू महाराजांनी 1920 ला क्षात्रजगद्गुरूचं पीठ, म्हणजे ब्राह्मणेतरांचा स्वतःचा धर्मगुरू, काढलं तेव्हा सत्यशोधकांतल्याच (जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या) काहींना ते रुचलं नाही, कारण देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको हे तर सत्यशोधक समाजाचं मूळ तत्त्व, मग आपलाच का असेना, जगद्गुरू कशाला? महाराजांचा हिशोब वेगळा, लोक धर्मविधी सोडणार नाहीत तर निदान त्यातली भटशाही तरी मोडूया. मला दोन्ही बाजू पटतात, खरं सांगायचं तर महाराजांची थोडी जास्त. पण ज्यांनी सोवळं-ओवळं मोडायला हयात घालवली त्यांनाच सोवळे म्हणायचं हे जरा विचित्र वाटतं, तिथं तत्त्वनिष्ठच लिहा.

दुसऱ्या बाजूला 'व्यवहारवादी' फारच पुस्तकी. बोलताना व्यवहारी, नाहीतर सरळ जुळवून घेणारा. 'तडजोडवादी'त थोडा आरोप येतो, 'संधिसाधू' म्हणजे तर शिवीच झाली. आणि निवडणुकीत चहाच्या गाड्यावर "मॅनेज झालाय तो" ऐकलंत तर तिथं तत्त्वाचा काही संबंध नसतो, पैसे पोचलेत एवढाच अर्थ, ते तुमच्या लेखात घालू नका.